संवेग-प्रतिमांकन व आयनीभवन गतिकी

अणूवर वा रेणूवर प्रकाशाचा, इलेक्ट्रॉनाचा किंवा वेगवान आयनाचा (विद्युत् भारित अणूचा, रेणूचा वा अणुगटाचा) आघात झाला असता त्यातून एक किंवा अधिक इलेक्ट्रॉन बाहेर फेकले जातात आणि मागे धन विद्युत् भारित आयन उरतो. या क्रियेस आयनीभवन म्हणतात. आयनीभवनानंतर विखुरणाऱ्या कणांचे संवेग (वस्तुमान व वेग यांचा गुणाकार, यास मूल्याप्रमाणेच दिशाही असते) मोजून त्यांवरून मूळ घटनेचे चित्र उभे करण्याच्या पद्धतीला संवेग-प्रतिमांकन असे नाव आहे. प्रतिमा हा शब्द येथे छायाचित्र या अर्थाने घ्यावयाचा नाही. अणू प्रत्यक्ष दिसत नाही. परंतु त्याचे तुकडे कोणत्या दिशेने व किती वेगाने गेले हे कळल्यास तो कसा फुटला हे सांगता येते. या पद्धतीचा विकास प्रामुख्याने विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत झाला. मुंबई येथेही या विषयात, विशेषतः मंदगती इलेक्ट्रॉनांमुळे होणाऱ्या रेणूंच्या विघटनासंबंधी, महत्त्वाचे संशोधन झाले आहे.

मूलतत्त्व : बाहेरून प्रेरणा लावलेली नसल्यास आघातापूर्वीचा एकूण संवेग व आघातानंतरचा एकूण संवेग समान असतात. या अक्षय्यतेच्या नियमावर सर्व पद्धती आधारलेली आहे. हीलियम अणूतील दोन्ही इलेक्ट्रॉन काढून टाकण्यास सु. ७९ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. एवढ्या ऊर्जेच्या फोटॉनाचा (प्रकाशकणाचा) स्वतःचा संवेग अगदी अल्प असतो. त्यामुळे अशा फोटॉनाने अणूतून एक इलेक्ट्रॉन बाहेर काढला, तर इलेक्ट्रॉन व आयन हे जवळजवळ समान संवेगाने परस्परविरुद्ध दिशांना जातात. फोटॉनाची ऊर्जा याहून जास्त असून दोन इलेक्ट्रॉन बाहेर पडले, तर आयनाचा संवेग त्या दोघांच्या बेरजेइतका व विरुद्ध दिशेचा असतो. म्हणून तीनपैकी कोणत्याही दोन कणांचे संवेग मोजले म्हणजे तिसऱ्याचा गणिताने निघतो.

रेणूंच्या बाबतीत आणखी एक माहिती मिळते. नायट्रोजनाच्या रेणूतील दोन अणुकेंद्रांमध्ये सु. १·१ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग) अंतर असते. या रेणूतून दोन इलेक्ट्रॉन एकदम निघून गेले व प्रत्येक अणूवर एकेक धन भार राहिला, तर त्यांच्यातील प्रतिसारणामुळे ते एकमेकांपासून दूर फेकले जातात. केवळ विद्युत् प्रेरणा विचारात घेतल्यास यातून सु. १३ इलेक्ट्रॉन व्होल्ट गतिज ऊर्जा मिळते. या क्रियेस कूलंब स्फोट म्हणतात. तुकड्यांच्या दिशांवरून आघाताच्या क्षणी रेणूचा अक्ष कोठे रोखलेला होता हे समजते आणि ऊर्जेवरून अणुकेंद्रांमधील अंतराचा अंदाज करता येतो.

ऐतिहासिक आढावा : आयनांच्या गतीवरून त्यांचे स्वरूप ओळखण्याचा यशस्वी प्रयत्न ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. जे. टॉमसन यांनी केला. विद्युत् व चुंबकीय क्षेत्रांतून जाणारे धन आयन छायाचित्रण काचेवर अन्वस्ताकार (पॅराबोलाच्या आकाराच्या) रेषा उमटवतात, असे त्यांना आढळले. प्रत्येक रेषा भार व वस्तुमान यांच्या एका विशिष्ट गुणोत्तराची आणि रेषेवरील स्थान वेगाचे निदर्शक होते. याच पद्धतीने १९१३ मध्ये निऑनाचे दोन प्रकारचे अणू असल्याचे दिसून आले. टॉमसन यांचा उद्देश अणूंची ओळख पटविणे हा होता; आयन कसा निर्माण झाला हा प्रश्न त्या वेळी दुय्यम होता. जेम्स फ्रांक व गुस्टाफ हर्ट्‌झ यांनी १९१४ मध्ये पाऱ्याच्या बाष्पातून इलेक्ट्रॉन सोडून ते ४·९ इलेक्ट्रॉन व्होल्ट या ठराविक हप्त्यानेच ऊर्जा गमावतात, असे दाखविले. यामुळे टकरींच्या अभ्यासाला निश्चित दिशा मिळाली, पण तीत ऊर्जेचा हिशेब होता, दिशेचा नव्हता.

संवेगाकडे लक्ष वेधले गेले ते क्ष-किरणांमुळे. अमेरिकन शास्त्रज्ञ ए. एच. कॉम्प्टन यांनी १९२३ मध्ये क्ष-किरणांच्या प्रकीर्णनाचे (विखुरण्याचे) स्पष्टीकरण फोटॉन व इलेक्ट्रॉन यांच्या टकरीच्या स्वरूपात दिले. इलेक्ट्रॉन मुळात स्थिर नसून अणूमध्ये गतिमान असल्यामुळे प्रकीर्णित किरणांची वर्णरेषा रुंदावते. जेसी ड्यूमंड यांनी १९२९ मध्ये बेरिलियमाच्या बाबतीत या रुंदीवरून इलेक्ट्रॉनांच्या संवेगांची वाटणी काढली. पदार्थातील इलेक्ट्रॉनांचा संवेग हा प्रयोगाने पडताळता येतो, हे यावरून सिद्ध झाले.

यानंतर बराच काळ आयनीभवनाचे प्रयोग मुख्यतः मोजणीचे राहिले. इलेक्ट्रॉनाची अमुक ऊर्जा असता किती आयन निर्माण होतात, त्यांपैकी किती एकभारित व किती द्विभारित असतात, यांच्या सारण्या तयार झाल्या. वायूतील विद्युत् विसर्जन व वातावरणाचे वरचे थर यांच्या अभ्यासास त्या अत्यंत उपयुक्त ठरल्या. परंतु एकूण संख्या जुळली म्हणजे सिद्धांत बरोबर असे म्हणता येत नाही. अनेक निरनिराळ्या मार्गांनी झालेल्या घटनांची बेरीज एकच येऊ शकते. सिद्धांताची खरी कसोटी एकेका घटनेत लागते.

ही कसोटी १९६९ मध्ये शक्य झाली. त्या वर्षी जर्मनीत एर्हार्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी हीलियमावर इलेक्ट्रॉनांचा आघात करून प्रकीर्णित इलेक्ट्रॉन व बाहेर पडलेला इलेक्ट्रॉन या दोघांचे युगपत् मापन केले (म्हणजे दोन्ही एकाच घटनेतील आहेत, याची त्यांच्या येण्याच्या वेळांवरून खातरजमा करून त्यांची नोंद घेतली). त्याच वर्षी इटलीत आमाल्दी व सहकाऱ्यांनी कार्बनाच्या पातळ पापुद्र्यावर असाच प्रयोग केला. ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठात एरिक वाइगोल्ड व इयान मॅकार्थी यांनी या तंत्राचा विस्तार करून अणूतील इलेक्ट्रॉनांच्या संवेगांचे नकाशे मिळविले. लोमन व वाइगोल्ड यांनी १९८१ मध्ये हायड्रोजन अणूसाठी मिळविलेली संवेगाची वाटणी श्रोडिंजर समीकरणावरून काढलेल्या वाटणीशी उत्तम जुळली. तथापि या प्रयोगांत अभिज्ञातक (कणांचे अस्तित्व ओळखणारी साधने) ठराविक कोनांत ठेवलेले असत. त्या कोनांबाहेर गेलेले बहुसंख्य कण वाया जात व एकेक बिंदू मिळविण्यास दीर्घ काळ लागे.

शीत झोत व विक्रिया-सूक्ष्मदर्शक : सर्व दिशांना जाणारे कण पकडावयाचे, तर आयनाचा अल्प संवेगही मोजता आला पाहिजे. यात मोठी अडचण उष्णतेची होती. हायड्रोजन अणूतील इलेक्ट्रॉनाचा वेग सु. २,२०० किमी./से. मानतात. तेवढाच संवेग हीलियमाच्या आयनाला मिळाला, तर त्याचा वेग अवघा सु. ३०० मी./से. होतो. सामान्य तापमानास हीलियमाचे अणू स्वतःच सु. १,३५० मी./से. वेगाने इतस्ततः फिरत असतात. आघाताने मिळालेला धक्का या गोंधळात हरवून जातो.

फ्रँकफुर्ट येथे होर्स्ट श्मिट-बकिंग व योआखिम उलरिख यांनी १९८७ मध्ये प्रतिक्षेपित आयनाच्या (आघाताने मागे ढकलल्या गेलेल्या आयनाच्या) उड्डाणकालावरून वेगवान आयनाच्या विचलनाचा कोन काढला. हा कोन इतका सूक्ष्म असतो की, तो थेट मोजणे जवळजवळ अशक्य असते. अमेरिकेत कॅनझस राज्य विद्यापीठात सी. एल. कॉक यांनीही प्रतिक्षेपित आयनांचा सखोल अभ्यास केला. पुढे लक्ष्य-वायू अतिसूक्ष्म छिद्रातून निर्वातात सोडून त्याचा स्वनातीत (ध्वनीहून अधिक वेगाचा) झोत तयार करण्याची युक्ती योजण्यात आली. अशा रीतीने प्रसरण पावताना वायू थंड होतो व त्याचे आंतरिक तापमान निरपेक्ष शून्याच्या वर एखाद्या अंशापर्यंत उतरू शकते. सर्व अणू मग जवळजवळ सारख्याच वेगाने एकाच दिशेने जातात व आघाताचा धक्का स्पष्टपणे वेगळा दिसतो.

मोशामर, उलरिख व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये जर्मनीतील डार्मस्टाट येथील जड आयन वेगवर्धकावर आयन व इलेक्ट्रॉन या दोहोंचे संवेग एकाच वेळी मोजले. या उपकरणाला पुढे विक्रिया-सूक्ष्मदर्शक हे नाव रूढ झाले. त्यात झोत व आपाती (आघात करणारी) शलाका जेथे एकमेकींना छेदतात, तेथे सौम्य विद्युत् क्षेत्र लावतात. त्यामुळे आयन एका बाजूच्या व इलेक्ट्रॉन विरुद्ध बाजूच्या अभिज्ञातकाकडे खेचले जातात. हलके व चपळ इलेक्ट्रॉन बाजूस निसटू नयेत म्हणून विद्युत् क्षेत्राला समांतर असे चुंबकीय क्षेत्र लावतात. त्यात इलेक्ट्रॉन मळसूत्राकार मार्गाने जातात व अखेर अभिज्ञातकावर पोहोचतात. अभिज्ञातक म्हणजे लक्षावधी सूक्ष्म छिद्रे असलेली काचेची तबकडी असते. छिद्रात शिरलेला कण इलेक्ट्रॉनांचा वर्षाव निर्माण करतो व त्यामुळे विद्युत् स्पंद मिळतो. कण कोठे पडला व त्यास किती वेळ लागला, या दोन मापनांवरून संवेगाचे तिन्ही घटक निघतात. एकेका सेकंदात एक घटना किंवा हजार घटना घडोत, प्रत्येकीची नोंद स्वतंत्र राहते, हे या उपकरणाचे वैशिष्ट्य होय.

वेग-प्रतिमांकन : रासायनिक भौतिकीच्या क्षेत्रात याच्या जोडीने दुसरा प्रवाह वाढला. डेव्हिड चँडलर व पॉल ह्यूस्टन यांनी १९८७ मध्ये मिथिल आयोडाइडाच्या रेणूचे लेसर प्रकाशाने विघटन करून तुकड्यांची द्विमितीय प्रतिमा घेतली. तुकडे प्रसरण पावणाऱ्या गोलाच्या पृष्ठभागावर असतात व प्रतिमेत तो गोल चपटा होऊन दिसतो. आंद्रे एपिंक व डेव्हिड पार्कर यांनी १९९७ मध्ये नेदर्लंड्‌समधील नाइमेखन येथे विद्युत् भिंगाची अशी रचना केली की, एकाच वेगाचे सर्व कण, ते कोठेही उत्पन्न झाले असले तरी, अभिज्ञातकावरील एकाच बिंदूवर येतात. प्रतिमा त्यामुळे अतिशय रेखीव झाल्या. पुढे गोलाचा केवळ मधला काप तेवढा नोंदण्याची पद्धत विकसित झाली. तिच्यामुळे चपट्या प्रतिमेवरून मूळ गोल गणिताने परत मिळविण्याची आवश्यकता उरली नाही.

महत्त्वाचे निष्कर्ष : तीव्र लेसर प्रकाशात निऑन व हीलियम यांतून दोन इलेक्ट्रॉन अपेक्षेपेक्षा किती तरी अधिक वेळा एकदम बाहेर पडतात, असे आढळले होते. पॉल कॉर्कम यांनी १९९३ मध्ये याची एक उपपत्ती मांडली : पहिला इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या आंदोलित क्षेत्राबरोबर परत फिरून आपल्याच आयनावर आदळतो. आयनांच्या संवेगांची २००० मध्ये प्रसिद्ध झालेली मापने या उपपत्तीस पोषक ठरली. केवळ आयनांच्या मोजणीने हा निर्णय लागला नसता.

संवेग-प्रतिमांकनाने प्रश्न सोडविले तसे उभेही केले. मायकेल शुल्झ व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये वेगवान कार्बन आयनांनी हीलियमाचे आयनीभवन केले असता इलेक्ट्रॉन कोणत्या दिशांना जातात, याचे त्रिमितीय चित्र प्रसिद्ध केले. आघात इतका वेगवान होता की, साधा सिद्धांत येथे निश्चितपणे लागू पडावा अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात काही दिशांमध्ये प्रयोग व सिद्धांत यांत ठळक तफावत दिसली. सिद्धांतात उणीव आहे, उपकरणाची विभेदनक्षमता (सूक्ष्म भेद वेगळे दाखविण्याची क्षमता) अपुरी आहे, की आपाती शलाकेची तरंगरूप सुसंगती निर्णायक आहे, यावर दीर्घकाळ वाद झाला. फ्रँकफुर्ट येथील गटाने २०१६ मध्ये दहा लक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या प्रोटॉनांनी अधिक काटेकोर प्रयोग केला, तेव्हा सिद्धांताशी मेळ बसला. मापन जितके तपशीलवार, तितकी उपकरणातील लहानशी त्रुटीही नव्या भौतिकीचा आभास निर्माण करू शकते, हा धडा या वादातून मिळाला.

मुंबईतील संशोधन : मुंबईच्या कुलाबा भागातील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हा विषय तीन दिशांनी वाढला. संस्थेच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सहकार्याने उभारलेला १·४ कोटी व्होल्टचा पेलेट्रॉन वेगवर्धक १९८८ च्या अखेरीस कार्यान्वित झाला. तो प्रामुख्याने अणुकेंद्रीय भौतिकीसाठी असला, तरी त्यातील वेगवान जड आयन अणू व रेणू यांवरील आघातांसाठीही उपलब्ध झाले. दीपक माथुर व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवान आयन, इलेक्ट्रॉन व तीव्र लेसर या निरनिराळ्या साधनांनी रेणूंतून अनेक इलेक्ट्रॉन काढून टाकले असता ते किती काळ टिकतात व कसे फुटतात, याचा अभ्यास केला. बहुभारित रेणूंविषयीचे त्यांचे १९९३ व २००४ मधील समालोचनपर लेख या क्षेत्रात परिचित आहेत.

दुसरी दिशा लोकेश त्रिबेदी यांच्या गटाची होय. हायड्रोजनाच्या रेणूत दोन समान अणुकेंद्रे असल्यामुळे त्यातून बाहेर पडणारा इलेक्ट्रॉन जणू दोन उगमांतून एकाच वेळी निघतो व यंगच्या दोन फटींच्या प्रयोगाप्रमाणे व्यतिकरण (तरंग एकमेकांत मिसळून कमीजास्त होणे) दिसावे, असे भाकीत होते. या गटाने २००४ मध्ये वेगवान जड आयनांच्या आघाताने रेणवीय हायड्रोजनातून व आणवीय हायड्रोजनातून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांची थेट तुलना करून असे व्यतिकरण दाखविले.

तिसरी दिशा मंदगती इलेक्ट्रॉनांची आहे. काही इलेक्ट्रॉन व्होल्ट एवढ्याच ऊर्जेचा इलेक्ट्रॉन रेणूतील इलेक्ट्रॉनाला बाहेर काढू शकत नाही. परंतु तो स्वतः रेणूत अडकू शकतो. त्यामुळे अल्पायुषी ऋण आयन बनतो व तो फुटून एक ऋण आयन आणि एक उदासीन तुकडा उरतो. ही क्रिया काही ठराविक ऊर्जांनाच होते. उदा., पाण्याच्या रेणूच्या बाबतीत सु. ६·५, ८·६ व ११·८ इलेक्ट्रॉन व्होल्ट या ऊर्जांच्या आसपास ती ठळकपणे आढळते. धनंजय नंदी, वैभव प्रभुदेसाई, ई. कृष्णकुमार व सहकारी यांनी २००५ मध्ये या क्रियेतील ऋण आयनांसाठी वेग-काप प्रतिमांकनाचे उपकरण तयार केले. इलेक्ट्रॉनांची शलाका विद्युत् व चुंबकीय क्षेत्रांमुळे सहज वळत असल्याने लेसरसाठी बनविलेली मांडणी येथे जशीच्या तशी चालत नाही. म्हणून शलाका स्पंदांच्या स्वरूपात सोडून ती निघून गेल्यावरच आयन खेचून घेण्याची योजना केलेली होती.

याच गटाने २००५ मध्ये असेही दाखविले की, ॲसिटिक अम्लासारख्या सेंद्रिय रेणूंत इलेक्ट्रॉनाची ऊर्जा बदलून ऑक्सिजन-हायड्रोजन किंवा कार्बन-हायड्रोजन यांपैकी विशिष्ट बंध तोडता येतो. कृष्णकुमार, प्रभुदेसाई व निगेल मेसन यांनी २०१८ मध्ये हायड्रोजन रेणूच्या प्रतिमांत अनपेक्षित असममिती नोंदविली. दोन्ही अणू सारखेच असल्यामुळे ऋण आयन आपाती शलाकेच्या पुढील व मागील बाजूंना समप्रमाणात जावयास हवे होते. तसे होत नाही, कारण एकच इलेक्ट्रॉन रेणूला दोन भिन्न समतेच्या अवस्थांच्या सुसंगत मिश्रणात नेतो, असे स्पष्टीकरण देण्यात आले. हा परिणाम तुकड्यांची केवळ संख्या मोजून कधीही आढळला नसता.

भारतात इतरत्र अहमदाबाद येथील भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत वंदना शर्मा व भास बापट यांनी इलेक्ट्रॉन-आयन व आयन-आयन यांचे संवेग युगपत् मोजणारे उपकरण उभारले व त्याचे वर्णन २००६ मध्ये प्रसिद्ध केले. बापट यांनी पुढे पुणे येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत हे कार्य चालविले. दिल्ली येथील आंतर-विद्यापीठ वेगवर्धक केंद्रातही आयनांच्या आघाताने होणाऱ्या रेणूंच्या विघटनाचे प्रयोग झाले आहेत.

प्रारण उपचारांशी संबंध : या मूलभूत संशोधनाचे व्यावहारिक महत्त्व कर्करोगावरील प्रारण उपचारांत दिसून येते. नवी मुंबईतील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग उपचार, संशोधन व शिक्षण प्रगत केंद्रात २०२३ मध्ये प्रोटॉन शलाकेने उपचार सुरू झाले. अशा उपचारांत सर्वसाधारणतः ७० ते २३० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे प्रोटॉन वापरतात. प्रोटॉन आपली बरीचशी ऊर्जा मार्गाच्या शेवटी देतो. त्यामुळे अर्बुदापलीकडील निरोगी ऊतकांना कमी इजा होते. मात्रा ठरविताना ऊतकाने किती ऊर्जा शोषली याचा हिशेब करतात. परंतु कोशिकेच्या दृष्टीने ती ऊर्जा कोणत्या स्वरूपात पोहोचली याला महत्त्व असते.

प्रोटॉनाने गमावलेल्या प्रत्येक दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेमागे काही दशसहस्र दुय्यम इलेक्ट्रॉन निर्माण होतात व त्यांतील बहुसंख्य मंदगती असतात. असे इलेक्ट्रॉन निरुपद्रवी असावेत, असा पूर्वी समज होता. कॅनडातील शेरब्रुक येथे लेऑन साँश यांच्या गटाने २००० मध्ये ३ ते २० इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन डीएनए या आनुवंशिक द्रव्याचे एक व दोन्ही धागे तोडू शकतात, असे दाखविले. आयनीभवनास अपुऱ्या ऊर्जेलाही धागे तुटत होते. अर्थात तेथे अडकलेल्या इलेक्ट्रॉनामुळे होणारे विघटन कारणीभूत होते. यात २०१० मध्ये आणखी भर पडली. पाण्याच्या एका रेणूला मिळालेली अतिरिक्त ऊर्जा शेजारच्या रेणूकडे जाऊन त्यातून मंदगती इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, हे पाण्याच्या रेणूंच्या जोडीवर व समूहांवर केलेल्या प्रयोगांनी सिद्ध झाले. या क्रियेचे भाकीत सीडरबाउम व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये केले होते. एका आघातातून अगदी जवळजवळ दोन आयन व मंदगती इलेक्ट्रॉन निर्माण होत असल्याने दुरुस्त होण्यास कठीण अशा इजेचा संभव वाढतो.

मर्यादा : वरील बहुतेक प्रयोग विरल वायूतील सुट्या रेणूंवर केलेले आहेत. कोशिकेत मात्र रेणू पाण्याने वेढलेले असतात. तेथे ऊर्जा शेजाऱ्यांकडे जाते व तुटू पाहणारा बंध कधीकधी सावरलाही जातो. प्रयोगशाळेत मिळालेल्या संभाव्यता म्हणूनच उपचारांच्या मात्रेत थेट घालता येत नाहीत. लहान रेणूसमूह, द्रवाचे सूक्ष्म थेंब व अधिक मोठे जैव रेणू यांवरील मापने, आणि त्यांना जोडणारी संगणकीय प्रतिमाने, यांच्या साहाय्याने हे अंतर क्रमाक्रमाने कमी करण्याचे प्रयत्न चालू आहेत. सुट्या रेणूचा हिशेब बिनचूक असल्याखेरीज पुढील प्रत्येक पायरी अंदाजावर उभी राहते. एकेका घटनेतील सर्व कणांचा संवेग नोंदण्याच्या या पद्धतीने तो पाया बराचसा पक्का केला आहे.